कुत्र्याच्या पोटाचा अकस्मात बिघाड : ओळख आणि उपाय

मनुष्याने माणसाळविलेल्या प्राण्यांत कुत्रा हा सर्वांत जुना सोबती होय. निदान पंधरा हजार वर्षे तो माणसाच्या शिकारीतील अवशेषांवर, उष्ट्यावर आणि उकिरड्यावर पोसत आला आहे. मिळेल ते घाईने गिळावे आणि न मानवेल ते ओकून टाकावे, हा त्याच्या पोटाचा स्वभाव या दीर्घ सहवासातही पालटलेला नाही. म्हणून ज्या घरी कुत्रा आहे त्या घरी त्याच्या ओकारीचा अगर जुलाबाचा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. पुष्कळदा तो एक-दोन दिवसांत आपोआप निवळतो. परंतु काही वेळा हीच ओकारी आणि हेच जुलाब एखाद्या घातक रोगाचा किंवा विषबाधेचा आरंभ असतात. अशा वेळी 'सकाळपर्यंत वाट पाहू' असे घरच्यांनी ठरविले, तर लहान पिल्लू ती सकाळ पाहीलच असा भरवसा देता येत नाही.

या दोन प्रकारांतील भेद ओळखण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. त्यास लागते ते शांतपणे केलेले निरीक्षण आणि थोडी मोजणी. रोगाचे निदान व औषधयोजना ही पशुवैद्याची कामे होत. परंतु पशुवैद्याकडे केव्हा जावयाचे हे घरच्यांनाच ठरवावे लागते. तो निर्णय योग्य वेळी घेता यावा एवढ्याचसाठी ही पुस्तिका आहे.

जबलपूरचे उदाहरण

विवेचनास निश्चित भूमी असावी म्हणून येथे नर्मदाकाठच्या जबलपूर शहराचे उदाहरण घेतले आहे. त्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण पशुवैद्यक शिक्षणाच्या इतिहासातील आहे. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली स्थापन झाले. त्या वेळी जबलपूर, नागपूर आणि वऱ्हाड हे सर्व मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते एकत्रच राहिले. नागपूरचे स्वतंत्र पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५८ साली. पुढे २००९ मध्ये जबलपूर येथे नानाजी देशमुख यांच्या नावाचे पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. मराठी भाषिकांचा या शहराशी संबंध तर त्याहून जुना आहे. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता.

दुसरे कारण हवामानाचे आहे. मे महिन्यात येथील पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो; जूनच्या मध्यानंतर मोसमी पाऊस सुरू होतो; हिवाळा कोरडा व थंड असतो. प्रत्येक ऋतू कुत्र्याच्या पोटावर आपापल्या परीने परिणाम करतो. विदर्भातील वाचकांस हे ऋतुमान परकेही वाटणार नाही.

पोटाची रचना व कार्य

कुत्र्याच्या पचनक्रियेविषयी आपणांस जे ज्ञान आहे त्याचा मोठा भाग रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगांतून मिळाला. त्यांनी कुत्र्याच्या जठराचा एक कप्पा शस्त्रक्रियेने वेगळा करून, त्यात पाझरणारा रस शरीराबाहेर गोळा केला, आणि अन्नाच्या प्रकाराप्रमाणे रसाचे प्रमाण व गुण कसे बदलतात हे मोजून दाखविले. या कार्याबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जठर ही केवळ अन्न साठविण्याची पिशवी नसून मेंदू व मज्जातंतू यांच्या आज्ञेत चालणारे इंद्रिय आहे, हे या प्रयोगांनी सिद्ध झाले. अन्नाच्या नुसत्या दर्शनानेही जठररस पाझरू लागतो, हे त्यांनी दाखविलेच होते.

कुत्र्याच्या जठरातील आम्ल तीव्र असते, आणि त्यामुळे शिळ्या अन्नातील पुष्कळसे जीवाणू तेथेच नष्ट होतात. जठरातून अन्न लहान आतड्यात जाते. तेथे यकृतातील पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्यात मिसळतो, आणि आतड्याच्या आतील भिंतीवरील सूक्ष्म अंकुर पचलेले अन्न शोषून घेतात. मोठ्या आतड्यात उरलेले पाणी शोषले जाते. निरोगी स्थितीत दिवसभरात पाचक रसांच्या रूपाने आतड्यात बरेच पाणी उतरते आणि त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात परत जाते. आतड्याची भिंत सुजली किंवा तिच्यावरील अंकुर नष्ट झाले म्हणजे हे परत जाणे थांबते. यालाच आपण जुलाब म्हणतो.

ओकारी ही याहून वेगळी क्रिया आहे. रक्तात विष मिसळले, जठराचा दाह झाला किंवा आतड्यात अडथळा आला, म्हणजे मेंदूतील एक विशिष्ट केंद्र जागृत होते. कुत्रा अस्वस्थ होतो, लाळ गाळतो, ओठ चाटतो. नंतर पोटाचे स्नायू जोराने आवळले जाऊन जठरातील पदार्थ बाहेर फेकले जातात. पोट असे आवळले न जाता अन्न तोंडातून सहज बाहेर पडले, तर ती ओकारी नव्हे. तेथे दोष अन्ननलिकेत असण्याचा संभव असतो. हा फरक पशुवैद्यास सांगितल्यास निदानाचे अर्धे काम होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. ओकारी व जुलाब हे रोग नव्हेत. ती लक्षणे होत. नासलेले अन्न बाहेर टाकणारी ओकारी शरीराचे रक्षणच करते. म्हणून 'उलटी थांबविण्याचे औषध' हा पहिला विचार नसावा. ती कशामुळे होत आहे आणि तिच्यामुळे शरीरातील किती पाणी गेले आहे, हे दोन विचार प्रथम करावयास हवेत.

खरे संकट : शोष

साध्या जुलाबानेही प्राणी दगावतो तो पाणी व क्षार यांच्या नाशामुळे. प्रौढ कुत्र्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पाण्याचा असतो. पिल्लात हे प्रमाण याहूनही अधिक असते. वजनाच्या पाच टक्क्यांहून कमी पाणी गेले तर बाहेरून काही कळत नाही. दहा ते बारा टक्के गेले म्हणजे स्थिती गंभीर होते, आणि त्यापुढे रक्ताभिसरण कोसळू लागते.

आता विद्यार्थ्यांनी एक लहानसे गणित करून पाहावे. वीस किलो वजनाच्या कुत्र्याच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे दोन लिटर पाणी. एवढे पाणी जाण्यास सामान्यतः काही वेळ लागतो. परंतु तीन किलोच्या पिल्लात दहा टक्के म्हणजे केवळ ३०० मिलिलिटर, म्हणजे दीड पेला. आठ-दहा पातळ जुलाब आणि चार-पाच उलट्या यांत एवढे पाणी एका रात्रीत निघून जाते. शिवाय पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अल्प असल्याने उपाशी राहिल्यास त्याच्या रक्तातील साखरही लवकर उतरते. प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत जी वाट पाहणे क्षम्य ठरते, ती पिल्लाच्या बाबतीत घातक का ठरते, याचे उत्तर या गणितात आहे.

बिघाडाची कारणे

सर्वांत सामान्य कारण म्हणजे आहारातील चूक. लग्नसराईतील पंक्ती, दिवाळीचा फराळ, ग्वारीघाटावरील भंडाऱ्याच्या पत्रावळी, खोव्याची जलेबी यांपैकी काही हाती लागले की कुत्रा ते संपविल्याविना राहत नाही. तेला-तुपाच्या जेवणाने साधा अपचनाचा विकार होतो. पण कधी कधी स्वादुपिंडाचा दाह उद्भवतो. मग पोट अत्यंत दुखते, कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरतो, आणि पुन्हा पुन्हा ओकतो. दूध हेही एक नेहमीचे कारण आहे. दुधातील साखर पचविणारे द्रव्य पिल्लू मोठे होऊ लागले की कमी होत जाते. म्हणून मोठ्या कुत्र्यास 'पोटाला थंड' म्हणून पाजलेले दूध जुलाब वाढवितेच.

दुसरे कारण गिळलेल्या वस्तू. उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात भाजलेल्या भुट्ट्याचे बुरखुंड या दोन वस्तू विशेष लक्षात ठेवाव्यात. दोन्हींस अन्नाचा वास असतो, दोन्ही सहज गिळल्या जातात आणि दोन्ही लहान आतड्यात अडकतात. त्या पचत नाहीत आणि क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसतीलच असेही नाही. म्हणून 'कणीस खाल्ले होते' ही माहिती पशुवैद्यास सांगणे अगत्याचे असते. शिजविलेली हाडे, मोजे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि दोरा यांचीही हीच गत. दोऱ्याचे टोक गुदद्वारातून बाहेर आलेले दिसले तरी ते कदापि ओढू नये. आत ताणलेला दोरा आतडे कापत जातो.

तिसरे कारण विषबाधा. उंदीर मारण्यासाठी घरोघरी वापरले जाणारे झिंक फॉस्फाइड हे काळसर चूर्ण जठरातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निर्माण करते. असे विष खाल्लेल्या कुत्र्याच्या ओकारीतून निघणारा वायू माणसासही बाधतो. म्हणून खोलीची दारे-खिडक्या उघडाव्यात आणि ओकारीवर वाकून पाहू नये. शेतीतील कीटकनाशकांच्या विषबाधेत लाळ, ओकारी व जुलाब यांच्या जोडीस स्नायूंना कंप सुटतो आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. घरातील कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि काही साखरविरहित गोळ्यांत असणारे झायलिटॉल हे पदार्थ माणसास निरुपद्रवी असले तरी कुत्र्यास विषवत् आहेत. प्रसादातील मूठभर बेदाणेही लहान कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात.

चौथे कारण जंत. पिल्लांत गोलकृमी आईच्या गर्भातूनच येतात. त्यांचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले व अंग मात्र हडकुळे दिसते. अंकुशकृमी आतड्याच्या भिंतीस चिकटून रक्त पितात. विष्ठा काळी व चिकट होते आणि हिरड्या पांढुरक्या पडतात.

ऋतूंचाही येथे विचार केला पाहिजे. मे महिन्यातील दुपारी बंद खोलीत, गच्चीवर किंवा मोटारीत राहिलेल्या कुत्र्यास उष्माघात होतो, आणि त्यात ओकारी व रक्ताचे जुलाब ही लक्षणे असतात. येथे पोटावर उपचार करीत बसणे व्यर्थ होय. कुत्र्यास सावलीत आणून अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्वरित दवाखान्यात न्यावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या मूत्राने पसरणारा लेप्टोस्पायरा जीवाणूंचा रोग होतो. ओकारीबरोबर ताप असणे आणि डोळे व हिरड्या पिवळ्या होणे ही त्याची खूण आहे. हा रोग माणसासही होतो.

पिल्लांचा काळ : पार्वो विषाणू

कुत्र्याच्या पिल्लांना होणाऱ्या पोटाच्या रोगांत सर्वांत भयंकर असा हा रोग आहे, आणि तो तुलनेने नवा आहे. १९७८ पूर्वी पशुवैद्यांस तो परिचित नव्हता. मांजरांत आढळणाऱ्या एका विषाणूशी निकटचे नाते असलेला हा विषाणू त्या वर्षी एकाएकी निरनिराळ्या देशांत प्रकट झाला आणि अल्पावधीत जगभर पसरला. १९८० नंतरच्या दशकात तो भारतातही नोंदला गेला.

विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारणपणे तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसू लागतात. वेगाने विभागणाऱ्या पेशी हे त्याचे भक्ष्य होय. अशा पेशी मुख्यतः दोन ठिकाणी असतात : आतड्यातील अंकुरांच्या मुळाशी आणि हाडांच्या मगजात. त्यामुळे एकीकडे आतड्याचे अस्तर गळून पडते, तर दुसरीकडे रोगाशी लढणाऱ्या श्वेत पेशींची निर्मिती थांबते. आतड्यातील जीवाणू मग उघड्या पडलेल्या भिंतीतून रक्तात शिरतात. प्रथम पिल्लू मलूल होते व अन्न सोडते. नंतर ओकाऱ्या सुरू होतात आणि लवकरच अत्यंत दुर्गंधीयुक्त, पुष्कळदा रक्तमिश्रित जुलाब होऊ लागतात.

या विषाणूस थेट मारणारे नित्य वापरातील औषध नाही. शिरेतून पाणी व क्षार देणे, ओकारी आवरणे, जीवाणूंचा प्रतिबंध करणे आणि शक्य तितक्या लवकर पोषण सुरू करणे, असे उपचारांचे स्वरूप असते. उपचार न मिळालेली बहुसंख्य पिल्ले दगावतात. वेळेवर उपचार मिळालेली बहुसंख्य वाचतात. मधल्या काळात आतड्याचे अस्तर पुन्हा वाढते. तोवर पिल्लास तगवून धरणे एवढेच वैद्याच्या हाती असते, आणि ते पुरेसे ठरते. म्हणून लस न टोचलेले पिल्लू ओकू लागले व मलूल झाले, तर रक्त दिसण्याची वाट पाहू नये.

हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतो आणि पादत्राणांबरोबर घरात येतो. नेहमीचे फिनाईल त्यावर भरवशाचे नाही. प्रथम घाण पूर्णपणे काढून, नंतर एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी यांच्या ताज्या मिश्रणाने जागा दहा मिनिटे ओली ठेवावी. या मिश्रणात फिनाईल किंवा आम्ल कधीही घालू नये. माणसास कुत्र्यापासून हा रोग होत नाही.

निरीक्षणाची पद्धत

कुत्रा ओकला की पुढील पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात. त्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

१. वृत्ती. दोन उलट्यांच्या मधल्या वेळात कुत्रा कसा आहे? हाक मारल्यावर शेपटी हलवितो, चालतो, पाण्याकडे जातो, तर स्थिती बहुधा सौम्य आहे. कोपऱ्यात पडून राहतो, हाकेस ओ देत नाही, तर ती गंभीर आहे. पाचांतील ही सर्वांत महत्त्वाची परीक्षा होय.

२. हिरड्या. ओठ उचलून पाहाव्यात. निरोगी हिरडी ओलसर व गुलाबी असते. बोटाने दाबल्यास ती पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. याहून अधिक वेळ लागणे, हिरडी कोरडी व चिकट असणे, किंवा पांढरी, पिवळी वा निळसर दिसणे ही धोक्याची खूण आहे.

३. कातडी. मानेमागील कातडी चिमटीत धरून सोडावी. ती तत्काळ पूर्ववत झाली पाहिजे. तंबूसारखी उभी राहिली तर शोष पडला आहे. अतिकृश किंवा वृद्ध कुत्र्यात ही परीक्षा फसवू शकते. म्हणून ती हिरड्यांच्या परीक्षेबरोबरच करावी.

४. पोट. हलक्या हाताने दाबून पाहावे. कुत्रा कण्हतो किंवा अंग आखडून घेतो काय? पोट फुगून ढोलासारखे झाले आहे काय?

५. तापमान. गुदद्वारात घालावयाचा तापमापक असल्यास पाहावे. निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते माणसापेक्षा अधिक असल्याने हातास अंग गरम लागणे म्हणजे ताप नव्हे.

याबरोबरच बाहेर पडलेल्या पदार्थाची नोंद करावी. सकाळी रिकाम्या पोटी पडलेला पिवळा फेस हे केवळ पित्त असू शकते. ओकारीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण किंवा डांबरासारखी काळी विष्ठा म्हणजे जठर अगर लहान आतडे येथील रक्तस्राव. ताजे लाल रक्त बहुधा मोठ्या आतड्यातून येते. विष्ठा लालसर मुरंब्यासारखी दिसत असेल तर तो तीव्र रक्तातिसार होय, आणि त्यात शोष फार वेगाने पडतो.

अनोळखी अगर भटक्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र हे निरीक्षण दुरूनच करावे. सतत लाळ गळणे, गिळता न येणे, आवाज बदलणे ही अलर्क रोगाची लक्षणे असू शकतात. अशा कुत्र्याच्या तोंडात हाड अडकले असेल असे समजून हात घालू नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्यावी.

घरी करावयाचे उपचार

कुत्रा प्रौढ आहे, लसी टोचलेल्या आहेत, वृत्ती ठीक आहे, हिरड्या ओलसर आहेत, रक्त नाही आणि विष खाल्ल्याचा संशय नाही, अशाच स्थितीत पुढील उपचार घरी करावेत.

शेवटच्या उलटीनंतर एक-दोन तास पोटास विश्रांती द्यावी. नंतर पाणी द्यावे, पण भांडे भरून ठेवू नये. तहानलेला कुत्रा ते एका दमात पितो आणि तेवढेच ओकतो. लहान कुत्र्यास एक-दोन चमचे आणि मोठ्यास पाव वाटी, असे दर पंधरा-वीस मिनिटांनी द्यावे.

माणसासाठी मिळणारे जलसंजीवनीचे पाणी कुत्रा आपण होऊन पीत असेल तर थोडे देण्यास हरकत नाही. साखर व मीठ योग्य प्रमाणात एकत्र असली म्हणजे आतडे दोन्ही एकदम शोषून घेते आणि त्यांच्यामागे पाणीही रक्तात ओढले जाते, हे त्यामागील तत्त्व आहे. याच तत्त्वावर १९७१ साली बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. परंतु जो प्राणी पोटात काहीच ठेवू शकत नाही त्यास हे पाणी उपयोगी नाही. त्यास शिरेतूनच पाणी द्यावे लागते. बळजबरीने तोंडात ओतल्यास ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

पाणी टिकू लागले की अन्न सुरू करावे. दिवसभर उपास घडविण्याची जुनी चाल आता मागे पडली आहे. आतड्याच्या अस्तरास आपले पोषण प्रत्यक्ष अन्नातून मिळते, म्हणून साधारणतः सहा ते बारा तासांहून अधिक उपास देऊ नये, आणि पिल्लास तर पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून मुळीच देऊ नये. दोन-तीन भाग मऊ भात व एक भाग उकडलेले, बिनहाडाचे कोंबडीचे मांस हे उत्तम पथ्य होय. शाकाहारी घरी मांसाऐवजी थोडे ताजे, कमी स्निग्धांशाचे पनीर किंवा मानवत असल्यास ताजे दही घालावे. मीठ, हळद, तेल, तूप, कांदा, लसूण यांपैकी काहीही नसावे. नेहमीच्या आहाराचा चौथा हिस्सा घेऊन तो दिवसातून चार ते सहा वेळा थोडा थोडा द्यावा, आणि सुधारणा दिसल्यास तीन-चार दिवसांत क्रमाने नेहमीच्या आहारावर यावे.

काय करू नये

माणसाची औषधे कुत्र्यास देऊ नयेत. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी त्याच्या जठरास व्रण पडतात व मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटॅमॉलने यकृत व रक्त यांस अपाय होतो. जुलाब बांधण्याच्या गोळ्यांनी विष अगर रोगजंतू आतच कोंडले जातात.

प्रतिजैविकेही आपल्या मनाने देऊ नयेत. साध्या जुलाबास ती लागत नाहीत; उलट आतड्यातील उपकारक जीवाणू त्यांनी मरतात आणि उरलेले औषधास दाद देईनासे होतात. हे दाद न देणारे जीवाणू घरातील माणसांपर्यंतही पोहोचतात.

मिठाचे पाणी पाजून ओकारी करविण्याचा प्रघात अत्यंत धोक्याचा आहे. रक्तातील मीठ वाढून झटके येतात. आम्ल, क्षार, रॉकेल यांसारखे पदार्थ पोटात गेले असता ओकारी करविणे तर दुप्पट अपायाचे, कारण अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. विषबाधेत जो वेळ घरगुती उताऱ्यांत जातो तोच वास्तविक प्राण वाचविण्याचा वेळ असतो.

त्वरित पशुवैद्याकडे केव्हा जावे

पुढीलपैकी एकही गोष्ट आढळल्यास, रात्र असली तरी, विलंब करू नये.

सहा महिन्यांच्या आतील किंवा लस न टोचलेल्या पिल्लास ओकारी वा जुलाब होणे. ओकारीत अगर विष्ठेत रक्त. पाणीही पोटात न टिकणे. ओकारी व जुलाब एकदम चालू असून कुत्रा मलूल होणे. पांढऱ्या, पिवळ्या अगर कोरड्या हिरड्या. कंप, झटके किंवा तोल जाणे. विष, औषध, कोय, कणीस, हाड अगर दोरा गिळल्याचा संशय. गाभण, वृद्ध अगर पूर्वीचा विकार असलेली जनावरे. आणि प्रौढ कुत्रा वरकरणी बरा असूनही चोवीस तासांत ओकारी किंवा दोन दिवसांत जुलाब न थांबणे.

यांतच आणखी एका प्रसंगाचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांसारखे खोल छातीचे मोठे कुत्रे जेवणानंतर एकाएकी अस्वस्थ होतात, ओकण्याचा जोराने प्रयत्न करतात पण काहीच बाहेर येत नाही, आणि पोट फुगत जाते. येथे जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळले गेलेले असते व त्याचा रक्तपुरवठा तुटतो. यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे, आणि अवधी काही तासांचाच असतो.

दवाखान्यात जाताना एका कागदावर पुढील माहिती लिहून न्यावी : वय व वजन, लसी व जंतांचे औषध यांच्या तारखा, पहिली उलटी केव्हा झाली, आतापर्यंत उलट्या व जुलाब किती झाले, त्यांचा रंग कोणता, गेल्या दोन दिवसांत काय खाल्ले, कोणते औषध दिले. विषाचे वेष्टन सापडल्यास ते बरोबर घ्यावे. विष्ठेचा थोडा नमुना स्वच्छ डबीत किंवा निदान तिचे छायाचित्र न्यावे.

प्रतिबंध

पार्वो विषाणूवर लस हाच खरा उपाय आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली लस टोचावी, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत ती पुन्हा द्यावी, आणि एक वर्षाच्या सुमारास आणखी एक मात्रा द्यावी. एकाच लशीने का भागत नाही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. आईच्या चिकातून पिल्लास जी प्रतिकारद्रव्ये मिळतात ती काही आठवडे त्याचे रक्षण करतात; परंतु तीच द्रव्ये लशीचाही प्रभाव नाहीसा करतात. ती नेमकी केव्हा संपतील हे प्रत्येक पिल्लात निराळे असल्याने लस ठराविक अंतराने पुन्हा द्यावी लागते. मालिका पूर्ण होईपर्यंत पिल्लास रस्त्यावर किंवा इतर कुत्र्यांच्या घाणीच्या जागी सोडू नये.

जंतांचे औषध पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित द्यावे. नवा आहार एकदम सुरू न करता आठवडाभरात हळूहळू बदलावा. केराचे डबे झाकलेले असावेत. उंदरांचे औषध कुत्रा पोहोचणार नाही अशा जागीच ठेवावे. पिण्याचे पाणी रोज बदलावे. कुत्र्याची विष्ठा उचलून टाकल्यावर आणि आजारी कुत्र्यास हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. गोलकृमी व अंकुशकृमी हे दोन्ही माणसाच्या, विशेषतः अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या शरीरात शिरू शकतात.

शाळांसाठी सूचना

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी तो निरोगी असतानाच त्याच्या हिरड्यांचा रंग, कातडीचा ताण, एका मिनिटातील श्वासांची संख्या आणि वजन यांची वहीत नोंद करावी. निरोगी स्थिती ठाऊक असेल तरच बिघाड ओळखता येतो. त्याच पानावर लसींच्या तारखा आणि रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता व दूरध्वनी लिहून ते पान घरात सर्वांस दिसेल असे लावावे. प्रसंग येईल तेव्हा शोधाशोध करण्यात जाणारा अर्धा तास त्यामुळे वाचतो. आणि तीन किलोच्या पिल्लाच्या दृष्टीने अर्धा तास हा लहान अवधी नव्हे.